महानुभावांचे ग्रंथरक्षण आणि खासगी फाइल सर्व्हर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी असलेले पांचाळेश्वर हे महानुभाव पंथाचे 'आत्मतीर्थ' होय. या पंथाने आपले ग्रंथ मठांतून व अनुयायांच्या हातून शतकानुशतके सांभाळले. आज काही अभ्यासक टिपणे, छायाचित्रे व कागदपत्रे कंपन्यांच्या ताब्यात न देता घरच्या फाइल सर्व्हरवर ठेवतात. या दोन्ही प्रयत्नांमागील प्रश्न एकच आहे : आपला संग्रह आपणच सांभाळायचा, तर तो सुरक्षित कसा राहील?

प्रती आणि पाठ :
म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी खालशाच्या धाडीत, म्हणजे दिल्लीकर फौजांच्या स्वारीत, नष्ट झाली, अशी पंथीय परंपरा आहे. पुढे शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध झाला. ही स्मरणे सर्वत्र जुळणारी नव्हती. तथापि भिन्न पाठ पुसून न टाकता 'वासना' या संज्ञेने त्या त्या व्यक्तीच्या नावे नोंदविले गेले.

एकच फाइल दोन यंत्रांवर निरनिराळी बदलली गेली, तर फाइल सर्व्हरपुढेही हाच पेच उभा राहतो. अशा वेळी 'सिंकथिंग'सारखी प्रणाली दोन्ही प्रती राखते. मात्र सिंक म्हणजे जतन नव्हे. एका यंत्रावर पुसलेली फाइल इतर यंत्रांवरूनही नाहीशी होते. म्हणून सर्व्हरपासून अलग केलेली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे अगत्याचे ठरते.

सांकेतिक लिपी आणि किल्ली :
महानुभावांनी सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिपी योजल्या. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते. परिणामी हे वाङ्मय पंथाबाहेरील अभ्यासकांना दीर्घकाळ अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. संकेताची रीत कळताच तिचे संरक्षण संपुष्टात आले.

आधुनिक एन्क्रिप्शनची रीत याउलट उघड असते. गुप्त राहते ती केवळ किल्ली. ती हरवली तर खुद्द मालकालाही आपला संग्रह वाचता येत नाही. पंथात लिपीचे ज्ञान गुरूकडून शिष्याकडे जात असे. त्याच न्यायाने किल्लीची एक प्रत घरातील विश्वासू व्यक्तीच्या स्वाधीन असावी. याखेरीज सर्व्हर थेट इंटरनेटला खुला न ठेवता व्हीपीएनद्वारे वापरावा, सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करावे आणि वीज खंडित होण्याचा धोका ओळखून यूपीएस जोडावा.

निष्कर्ष :
केवळ गुप्ततेने ग्रंथ तगत नाही, हे महानुभावीय परंपरेवरून दिसून येते. पोथी नष्ट होऊनही ग्रंथ उरला, कारण तो अनेकांपाशी होता. आणि सांकेतिक लिपीतील पोथ्या पंथात वाचल्या गेल्या, कारण ती लिपी पुढच्या पिढीला शिकविली गेली. स्वतःचा सर्व्हर उभारणाऱ्या प्राध्यापकाने यंत्राच्या निवडीआधी आपल्या पश्चात हा संग्रह कोण उघडणार, हे ठरविणे म्हणूनच आवश्यक आहे.