अठरा हजार सत्तावन्न पौंड

सॅली थॉर्नच्या 'द हेटिंग गेम'मध्ये (२०१६) लूसी आणि जोशुआ एकाच प्रकाशनसंस्थेत समोरासमोर बसतात. ती रंगीबेरंगी, सगळ्यांशी गोड बोलणारी. तो शर्टांचे रंगसुद्धा ठरलेल्या क्रमानं बदलणारा. बढतीची जागा एक, दावेदार हे दोघं. पुढे काय होणार हे दहाव्या पानाआधीच कळतं. तरीही मी रात्री दोनपर्यंत वाचत बसले. विरुद्ध स्वभाव एकमेकांना ओढतात, हे नेहमीचं स्पष्टीकरण मला पुरत नाही. माणसं म्हणजे काही लोहचुंबक नव्हेत.

या भांडणाची मुळं बरीच जुनी आहेत. सप्टेंबर १८५४मध्ये डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ' क्रमशः येऊ लागली. मार्गारेट हेल ही इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या खेड्यातल्या पाद्र्याची मुलगी, तर जॉन थॉर्नटन उत्तरेकडच्या धुरकट शहरातला गिरणीमालक. संपकऱ्यांचा जमाव त्याच्यावर चालून येतो तेव्हा ती आडवी येते, दगड तिलाच लागतो. दुसऱ्या दिवशी तो लग्नाचं विचारतो आणि ती त्याला झिडकारते.

त्या काळी हा नकार नुसता नखरा नव्हता. इंग्लंडच्या कायद्यानुसार, वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर बायकोचा पैसा आणि कमाई नवऱ्याची होई. खुद्द गॅस्केलला याच साप्ताहिकातल्या एका कथेचे २० पौंड मिळाले, ते नवऱ्यानं शांतपणे खिशात घातले! म्हणजे बाईला पुरुष पारखून घ्यायला वेळ मिळे तो लग्नाआधीचाच. तेव्हा वाद घालायचा तो याच काळात.

शेवटी थॉर्नटनची गिरणी बुडते आणि मार्गारेटला वारसाहक्कानं पैसा मिळतो. ती त्याला कर्ज देऊ करते: माझे १८,०५७ पौंड बँकेत नुसते पडून आहेत, अडीच टक्के व्याज मिळतं, तुम्ही जास्त द्याल. प्रेमाची कबुली अशी व्याजदरासकट! मात्र लग्न झालं की धनको कोण आणि ऋणको कोण, हा प्रश्नच उरणार नव्हता. गॅस्केलला हे ठाऊक होतं. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसाठी १८५६मध्ये संसदेकडे गेलेल्या अर्जावर तिचीही सही आहे. बायकोला स्वतःच्या मालमत्तेवर पुरता हक्क देणारा कायदा आला १८८२मध्ये. ती १८६५मध्येच गेली होती.

लूसीचा पगार लूसीच्याच खात्यात जमा होतो. म्हणून तिच्या भांडणाचा खेळ होऊ शकतो. शीर्षकातच तो आहे. पण बढती एकाला मिळाली की दुसऱ्याचा बॉस समोरच्याच खुर्चीत बसणार. हातात सत्ता आल्यावर हा माणूस माझं ऐकेल का, हे मार्गारेटइतकंच तिलाही आधी कळायला हवं असतं.

थॉर्नटनचं उत्तर त्याच्या पाकिटात असतं. तिच्या हेल्स्टन गावातले वाळलेले गुलाब. जिथं ती वाढली ती जागा पाहायला तो कुणाला न सांगता जाऊन आलेला असतो.