सल्लागाराची खुर्ची आणि आफ्रिकेचा इतिहास

मंडळी, कुठल्याही मोठ्या संस्थेचं लेटरहेड पाहा. कडेला सल्लागार मंडळाची नावं छापलेली असतात. त्यातली बरीचशी शोभेची असतात, हे आपल्याला ठाऊक असतं. तेव्हा सल्लागाराला खरोखर काही बदलता येतं का, हा प्रश्न रास्त आहे. आज आपण तो आफ्रिकेतल्या एका पिढीच्या संदर्भात विचारू. शिक्षक, इतिहासकार, वृत्तपत्रांचे जाणकार अशी ही माणसं १९६० नंतर युनेस्कोच्या मंडळांवर आणि समित्यांवर बसली.

आधी पार्श्वभूमी. हेगेलनं इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर जी व्याख्यानं दिली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८३७ मध्ये छापली गेली. त्यात आफ्रिकेचा विचार थोडक्यात आटोपून त्यानं तिला जगाच्या इतिहासाबाहेर काढलं. हे मत काही हेगेलबरोबर संपलं नाही. पुढे विद्यापीठांत त्याला एक पद्धतशीर कारण मिळालं: जिथं लेखी कागद नाही, तिथं इतिहास नाही. म्हणजे वाद नुसत्या घटनांचा नव्हता, प्रमाणाचा होता. ज्ञानाचं साधन कशाला मानायचं, असा तो प्रश्न होता.

१९६० या एका वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले. त्याच वर्षी मालीचे अमादू हाम्पाते बा युनेस्कोच्या व्यासपीठावर बोलले. परंपरा जाणणारा एक म्हातारा गेला, की एक अख्खं ग्रंथालय जळतं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आज हे वाक्य सुविचारासारखं वापरलं जातं. तेव्हा मात्र ती कामाची मागणी होती: ही माणसं हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडचं नोंदवून घ्या. १९६२ ते १९७० हाम्पाते बा युनेस्कोच्या कार्यकारी मंडळावर होते आणि तिथं त्यांनी हा विषय लावून धरला.

१९६४ मध्ये युनेस्कोच्या महापरिषदेनं आफ्रिकेचा सर्वसाधारण इतिहास लिहून घ्यायचं ठरवलं. पहिली काही वर्षं साधनं गोळा करण्यात गेली. मग ३९ सदस्यांची आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समिती नेमली गेली. त्यांतले दोन तृतीयांश आफ्रिकी होते. सगळे व्यक्तिशः नेमलेले, कुठल्याही सरकारचे प्रतिनिधी म्हणून नव्हे. आणि ग्रंथात काय जायचं, याची बौद्धिक जबाबदारी या समितीवरच होती. हा मुद्दा लक्षात ठेवू या, पुढे लागणार आहे.

पहिला खंड पद्धतीचा. त्याचे संपादक जोसेफ की-झेर्बो, आताच्या बुर्किना फासोचे इतिहासाचे शिक्षक. त्यांनी लेखी साधनं, मौखिक परंपरा, भाषाशास्त्र, पुरातत्त्व यांना एकाच रांगेत बसवलं. हाम्पाते बा यांचा मौखिक परंपरेवरचा लेखही याच खंडात आहे. आता आपल्यातला एखादा नैयायिक विचारेल, की ऐकीव गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं खरं, पण बोलणारा आप्त हवा, म्हणजे विषय जाणणारा आणि जाणलं तसंच सांगणारा. या इतिहासकारांनीही जवळजवळ हीच कसोटी लावली. सांगणारा कोण, त्याला कुणी शिकवलं, त्याच्या सांगण्यात कुणाचा स्वार्थ आहे, हे तपासायचं आणि मग दुसऱ्या साधनाशी ताडून पाहायचं. पश्चिम आफ्रिकेत ग्रिओ म्हणून वंशपरंपरेनं इतिहास सांगणारे लोक आहेत, साधारण आपल्या भाटांसारखे. ते मालीचं राज्य उभारणाऱ्या सुंदियाताची कथा सांगतात. १४व्या शतकात इब्न खल्दूननं अरबीत मालीच्या राजांची नावं नोंदवली, त्यात मारी-जाता म्हणून येतो तो हाच राजा. ही कथा ग्रिओच्या तोंडून ऐकून १९६० मध्ये पुस्तकरूपानं आणणारे गिनीचे जिब्रिल तामसीर नियान पुढे चौथ्या खंडाचे संपादक झाले.

समितीत सगळे एकसुरात बोलत होते, असं मुळीच नाही. १९७४ मध्ये कैरोत प्राचीन इजिप्तच्या लोकांविषयी परिसंवाद झाला. सेनेगलचे शेख अँटा डिऑप यांनी, ते लोक कृष्णवर्णीय आफ्रिकी होते, असं ठामपणे मांडलं. अनेकांना ते पटलं नाही. मग काय केलं? दुसऱ्या खंडात डिऑप यांचा लेखही छापला आणि परिसंवादाचा वृत्तान्तही. मतभेद झाकला नाही. १९८१ ते १९९३ या काळात इंग्रजीत आठही खंड निघाले.

आता दुसरी बाजू. याच १९७४ साली सेनेगलचे अमादू-माख्तार म्बो युनेस्कोचे महासंचालक झाले. पेशानं शिक्षक, पूर्वी देशाचे शिक्षणमंत्री. जगभरच्या बातम्या मोजक्या पाश्चात्त्य वृत्तसंस्थांच्या हातून जातात, ही तक्रार तेव्हा जोरात होती. १९७७ मध्ये त्यांनी सीन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखाली १६ जणांचा आयोग नेमला. त्यात ट्युनिशियाचे मुस्तफा मसमूदी होते, नायजेरियाचे फ्रेड ओमू होते, आपले बी. जी. वर्गीसही होते. १९८० मध्ये अहवाल आला. बातम्यांच्या वाहण्यातली विषमता त्यानं नीट दाखवली. पण उपाय करायचे होते सरकारांनी. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी यात सेन्सॉरशिपचा धोका पाहिला. तो अगदीच काल्पनिक नव्हता, कारण नव्या व्यवस्थेची मागणी करणाऱ्या कित्येक सरकारांनी घरची वृत्तपत्रं मुठीत ठेवली होती. युनेस्कोच्या कारभारावरही टीका होत होती. १९८४ च्या अखेरीस अमेरिका बाहेर पडली आणि अंदाजपत्रकाचा सुमारे चौथा हिस्सा गेला. वर्षभरानं ब्रिटनही गेलं. अहवाल कपाटात राहिला.

दोन्ही ठिकाणी विद्वत्ता कमी नव्हती. फरक इतकाच, की इतिहास समितीच्या हातात लेखणी होती. सल्ला देणारेच काम करणारे होते. आयोगाला मात्र सल्ला देऊन बाजूला व्हावं लागलं आणि पुढचं सरकारांच्या आणि पैसा देणाऱ्यांच्या मर्जीवर राहिलं. म्हणून कुणाला सल्लागार नेमलं असं ऐकलं, की आपण विचारावं: यांच्या हाती नेमकं काय दिलंय?

इतिहासाचं कामही पुरं झालं, असं नाही. खंड ग्रंथालयात पोचले, शाळेत नाही. त्यासाठी २००९ मध्ये युनेस्कोनं, आफ्रिकी संघाच्या मागणीवरून, हे खंड शिक्षणात वापरण्याचा वेगळा प्रकल्प सुरू केला. हाम्पाते बा यांचं ग्रंथालय वाचलं खरं. ते वर्गातल्या मुलांपर्यंत न्यायचं काम अजून चालू आहे.