पिशवी काढण्याआधी

पाळीत अंगावरून खूप जाण्याची नेहमीची कारणे ठरलेली आहेत: फायब्रॉइडची गाठ, पॉलिप, संप्रेरकांचा बिघाड. ती सापडली नाहीत की निदान अवघड होते. दोष कधी कधी गर्भाशयात नसतोच, रक्तात असतो.

1926 साली फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांट यांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्रावाचा आजार नोंदवला. ज्या मुलीपासून हा शोध सुरू झाला, ती पुढे चौथ्याच पाळीत रक्त जाऊन दगावली. त्याच वर्षी द्युब्रय आणि लूबा यांनी गर्भाशयातल्या रोहिणी व नीला थेट जोडल्या गेल्याचे उदाहरण प्रसिद्ध केले. हे दुखणे फसवे. रक्त थांबवायला क्युरेटिंग करावे, तर त्यानेच रक्त उसळून जिवावर बेतते. डॉप्लर सोनोग्राफीत ते आधी दिसू शकते. रक्तदोषात मात्र यंत्राआधी विचारपूस लागते. पहिल्या पाळीपासून असेच जाते का, दात काढल्यावर रक्त लवकर थांबले का, घोळणा फुटतो का, आईला-मावशीला हाच त्रास होता का? मग रक्त गोठायला लागणाऱ्या फॉन विलेब्रांट घटकाची तपासणी. या आजारात प्लेटलेटची संख्या बहुधा नॉर्मल असते, म्हणून नुसत्या सीबीसीवर विसंबणारा चकतो.

अशा निदानाला जाणते डॉक्टर आणि सोयी लागतात. छत्तीसगडमधल्या रायपूरला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय 1963 साली मिळाले, एम्स 2012 मध्ये. 2011 मध्ये फिगो या जागतिक संघटनेने रक्तस्रावाच्या कारणांची ‘पाम-कोइन’ ही वर्गवारी स्वीकारली होती. तीत रक्त गोठण्याच्या दोषाला स्वतंत्र घर आहे.

ही वर्गवारी खासगी दवाखान्यांपर्यंत किती पोचली होती, याचा अंदाज रायपूरकडच्या 2012 सालच्या ‘गर्भाशय कांडा’वरून येतो. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या स्मार्ट कार्डावर कुटुंबाला वर्षाला 30,000 रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. कंबर दुखते, पांढरे जाते, पाळी लांबते म्हणून आलेल्या बायकांना कॅन्सरची भीती घालून पिशवी काढली जाते, अशा तक्रारी अभनपूरसह रायपूर जिल्ह्यातून आल्या. काही डॉक्टरांची नोंदणी निलंबित झाली. शस्त्रक्रियेसाठी पैसे मिळत, विचारपुशीसाठी नाही. मग दुर्मिळ कारण शोधत बसणार कोण? शिवाय रक्तदोष न ओळखता पिशवी काढायला घेतली, तर टेबलावरच रक्त आवरत नाही.

महाराष्ट्रातही बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये हेच आढळले आणि 2019 मध्ये राज्याला चौकशी समिती नेमावी लागली. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशा शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 5 एप्रिल 2023 रोजी निकाल दिला. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने 2022 मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा त्यात आदेश आहे.