चाबुकस्वार आणि अडेल शिंगरू

मंडळी, चाबुकस्वार हे आडनाव ऐकलं की डोळ्यांसमोर काय येतं? उगारलेला चाबूक आणि समोर बिचारा घोडा, बरोबर? पण गंमत बघा. फारसीत 'चाबुक' म्हणजे चपळ, तरबेज. मारायचा चाबूक हा त्याच शब्दाचा दुसरा अर्थ. चाबुकस्वार म्हणजे कसबी घोडेस्वार, आणि मराठीत नवा घोडा तयार करणारा. या तयारीतला एक अगदी सुरुवातीचा धडा म्हणजे अडेल शिंगराला दोरीने बरोबर चालवणं.

आमचं मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात. इथे घोड्याला 'कुदुरे' म्हणणारेही भरपूर. तालुक्याच्या दक्षिणेला भीमा, आणि तिच्याच खोऱ्यावरून दख्खनच्या घोड्याला नाव पडलं भीमथडी. थडी म्हणजे काठ. समुद्रमार्गे आलेले अरबी घोडे आणि इथली तट्टं यांच्या संकरातून ही काटक जात घडली, आणि मराठ्यांच्या घोडदळात तिचं नाव झालं. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. पण कुणाचाही असो, खोगीर चढण्याआधी त्याला माणसाबरोबर चालता यायला हवं.

आता दोन-अडीचशे किलोचं शिंगरू अडून उभं राहिलं, तर समोरून दोरी ओढणं हा हमखास फसणारा उपाय. दोरीचा दाब कानांमागे येतो, ते डोकं वर करतं आणि मागे रेटतं. ताकदीत आपण हरणारच. वर ते घाबरून मागच्या पायांवर उभं राहिलं, तर उलटंही पडू शकतं. म्हणून त्याच्या खांद्याशी उभं राहायचं. दोरीला जरासा बाजूला ताण द्यायचा, म्हणजे तोल सांभाळायला ते पाय उचलतं. पाऊल पडलं की त्याच क्षणी दोरी सैल! हेच बक्षीस. उशीर झाला तर सुटका कशामुळे झाली हे त्याला कळतच नाही. आणि ते मागे सरकत असताना सैल सोडलीत, तर ते मागे सरकायलाच शिकतं. म्हणजे चपळाई लागते ती हाताला.

हे शहाणपण फार जुनं आहे. इ.स.पू. चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. त्यात मोतद्दाराला सल्ला आहे, की घोडा नेताना त्याच्या पुढे नको, मागेही नको, बाजूने चाल. आणि रागाच्या भरात घोड्याशी कधीच वागू नये, असंही त्याने बजावलंय. त्याच शतकातला सिकंदर घ्या. प्लूटार्क सांगतो, की कुणालाच न जुमानणारा ब्यूसेफॅलस स्वतःच्या सावलीला बुजतोय हे पोरसवदा सिकंदराने ओळखलं. त्याने लगाम धरून घोड्याचं तोंड सूर्याकडे केलं, थोडा वेळ बरोबर चालला, आणि मगच वर बसला. आपण ज्याला हट्ट म्हणतो, त्यात बऱ्याचदा भीतीच असते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, घोडदळं मोडली, चाबुकस्वारांची गिऱ्हाइकं आटली. भीमथडी टिकला तो मुख्यतः मेंढपाळ धनगरांमुळे. त्यांचा वाडा मेंढरांबरोबर गावोगाव फिरतो आणि सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. भांडीकुंडी, कोकरं, कधी लहान पोरंसुद्धा. या घोड्याला दोरी धरूनच न्यावं लागतं. तो मधेच अडला किंवा बुजला तर वरचं पोर खाली येणार. इथे पहिला धडा पक्का नसून चालतच नाही.

२०२३-२४ मध्ये भीमथडीची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. आनंदच आहे! पण दोरी नेमकी कधी सैल सोडायची, हे ज्या हातांना कळतं त्यांची नोंद कुठल्या रजिस्टरात होणार? चरायची रानं कमी झाली आणि वाडे फिरायचे थांबले, तर घोडा कागदावर राहील आणि ही विद्या जाईल.

असो. पुढच्या वेळी सोलापूरच्या रस्त्याला मेंढरं आडवी आली, तर लगेच हॉर्न मारू नका. घोड्याची दोरी कुणाच्या हातात आहे आणि ती किती सैल आहे, तेवढं बघाच.