थाळनेरची गादी

जर्मनीच्या एकीकरणाचा धडा शिकवताना मी फळ्यावर छोट्या छोट्या डचींची, म्हणजे ड्यूकच्या राज्यांची, नावं लिहायचो. त्यातल्या कोबुर्गच्या घराण्याचा एक धाकटा मुलगा, आल्बर्ट, 1840 साली थेट व्हिक्टोरिया राणीचा नवरा झाला. लहान राज्याला सोयरिकीचाच आधार, हे मुलांना लगेच पटायचं. मग मी म्हणायचो, आता आपल्या तापीकाठी या.

नरडाण्याहून आग्रा रोडनं तापी ओलांडून शिरपूर गाठायचं आणि पूर्वेला वळायचं, की थाळनेर. फिरोजशहा तुघलकानं 1370 मध्ये हा मुलूख मलिक राजा फारुकीला दिला. 1382 पासून तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला. एका बाजूला गुजरात, दुसरीकडं माळवा, खाली बहामनी. तिघेही त्याच्याहून बलाढ्य. त्यानं माळव्याशी मुलगी देऊन आणि सून आणून दुहेरी सोयरिक केली. पुढं त्याचा मुलगा नासिरखान यानं माळव्याच्याच फौजेच्या मदतीनं सख्ख्या भावाकडून थाळनेर घेतलं, तेव्हा ती सोयरिक कामी आली.

पण सोयरिकीची किंमत मुलींनी मोजली. नासिरखानाची मुलगी बहामनी घरात दिली होती. नवरा अलाउद्दीन सुलतान झाला आणि दुसऱ्या राणीत रमला. मुलीनं बापाला कळवलं. बापानं आपल्या ताकदीचा हिशेब न करता वऱ्हाडात फौज घातली. रोहिणखेडला मार बसला, बऱ्हाणपूर लुटलं गेलं, आणि पाठलाग थेट आपल्या धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यापर्यंत आला. तिथंही हार झाली. त्याच वर्षी, 1437 मध्ये, नासिरखान वारला. बऱ्हाणपूर वसवणारा, अशीरगड घेणारा म्हणून त्याचं नाव सांगतात. मला तो लेकीसाठी लढलेला बाप म्हणून मोठा वाटतो.

एवढा फटका खाऊनही राज्य उठलं. पुढं गुजरातची मुलगी घरात आली, तिच्या मुलाला 1537 मध्ये गुजरातची गादीच चालून आली. तिथं पोचण्याआधी तो वारला. याच घराण्यातला राजा अलीखान 1597 मध्ये मोगलांच्या बाजूनं लढताना पडला, तरी त्याच्या मुलाला अकबरानं सोडलं नाही. जानेवारी 1601 मध्ये अशीरगड पडला आणि 219 वर्षांचं राज्य संपलं.

थाळनेरला फारुकींच्या दगडी कबरी आजही उभ्या आहेत. शिरपूरला कामाला जाल तेव्हा मुलांना घेऊन एकदा तिकडं वळा.