पोळा, साउइन आणि चौथं ऋण

आयर्लंडच्या सणाविषयी गोरेगावात का बोलायचं, असं आपल्याला वाटेल. आधी तिकडचं सांगतो, मग आपल्या वेशीवर येऊ.

साउइन हा केल्टिक लोकांचा ऋतुसंधीचा सण, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून १ नोव्हेंबरपर्यंतचा. संध्याकाळपासून अशासाठी, की केल्ट लोक काळ रात्रींनी मोजत. गॉलमधल्या केल्टांबद्दल जूलियस सीझरनेच हे लिहून ठेवलंय. साउइनला सुगी संपलेली असे, उन्हाळी कुरणांवरची गुरं घरी येत. आणि आयरिश कथांमध्ये याच रात्री टेकड्यांच्या पोटातलं अदृश्य जग उघडतं. नेरा नावाच्या माणसाची एक कथा आहे. साउइनच्या रात्री तो बाहेर पडतो, तर फासावर लटकलेलं प्रेत त्याला म्हणतं, मला तहान लागलीय. नेरा त्याला पाठीवर घेऊन घरोघर पाण्यासाठी हिंडतो.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावं. या कथा लिहून ठेवल्या त्या ख्रिस्ती मठांमधल्या लेखकांनी. मृतांसाठी २ नोव्हेंबरला प्रार्थना करायची प्रथा दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओडिलो याने रुजवली. त्यामुळे साउइन मुळातच मृतांचा सण होता, असं म्हणायला रोनाल्ड हटन यांच्यासारखे इतिहासकार तयार नाहीत. पण वर्षाच्या सांध्यावर गुरं घरी येतात आणि न दिसणारं जग जवळ येतं, एवढं त्या कथांमधून नक्की दिसतं.

आता आपला पोळा घ्या. श्रावण अमावस्येच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद-तुपाने चोळायचा आणि बैलाला जेवायचं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, रंगवलेली शिंगं. वेशीत तोरण, मग पुरणपोळी. पश्चिम महाराष्ट्रात काही ठिकाणी पोळा भाद्रपद अमावस्येला असतो. तीच सर्वपित्री. म्हणजे बैल आणि पितर एकाच दिवशी जेवतात!

मराठी आणि आयरिश एकाच भाषाकुलातल्या, म्हणून सणही एकाच मुळाचे, असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. गुरांवर आणि पिकांवर जगणारा माणूस दोन्हीकडे आहे, आणि वर्षाचा सांधा आला की त्याला एकच प्रश्न पडतो: मी कोणाचं देणं लागतो?

आपल्याकडे याला ऋण म्हणतात. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं आहेत: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मण त्यात चौथं घालतं, माणसांचं. हे चौथं आपण फार लवकर विसरतो.

आमच्याच घरातलं सांगतो. लहानपणी पोळ्याला आई बैलांचे पाय धुऊन ओवाळायची. बैलांनी पुरणपोळी खाल्ली की घरातले पुरुष जेवायचे, मग आम्ही मुलं, मग बायका. आणि ज्याने वर्षभर ते बैल राखले, तो सालगडी सगळ्यांच्या शेवटी, ओसरीच्या खाली बसून जेवायचा. त्याला नवं धोतर मिळायचं, हे खरं. पण खांदा मळला तो बैलाचा. मी तत्त्वज्ञान शिकलो, शिकवलं, आणि हे मला खटकायला पन्नाशी उलटावी लागली. तोवर तो गेला होता.

आता शिवारात ट्रॅक्टर आलेत. पोळ्याला काही घरांत मातीचे बैल पुजतात. पुजावेत, त्यात चूक नाही. पण नेराच्या कथेतलं ते प्रेत हार मागत नाही, घोटभर पाणी मागतं. पितरांना आपण तिलोदक देतोच. यंदा पोळ्याला, आपल्या शेतात राबलेलं जे माणूस अजून हयात आहे, त्याला आदल्या दिवशी घरी जाऊन आवतण द्या. आणि पहिल्या पंगतीला बसवा.