झाड कोणाचे?

आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर लावला की वर्गातली मुले नायजेरियावर पटकन बोट ठेवतात. त्याच्या डोक्यावर नायजर नावाचा दुसरा देश आहे, हे सांगावे लागते. मग मी विचारतो, "काल घरी भाकरी कशाची होती?" कोणी बाजरी म्हणते, कोणी ज्वारी. ही दोन्ही धान्ये मुळात आफ्रिकेची. बाजरी तर सहाराच्या दक्षिणेकडच्या त्याच कोरड्या पट्ट्यातून हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. म्हणजे नायजरच्या शेतकऱ्याशी आपले नाते भाकरीचे आहे.

दुसरे नाते दुष्काळाचे. 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्याच्या गोष्टी आमच्या अब्बांनी अनेकदा सांगितल्या आहेत. जवळपास त्याच वर्षांत, 1968 ते 1973, तो सगळा पट्टा पावसाविना होरपळत होता.

नायजरच्या दक्षिणेला मारादी आणि झिंदेर हे प्रांत आहेत. तिथले शेतकरी बहुतेक हौसा मुसलमान. बाजरी, ज्वारी, चवळी ही त्यांची पिके. त्यांच्या वाडवडिलांच्या शेतात पिकांमध्ये झाडे असायची. त्यातले लाडके झाड म्हणजे 'गाओ', आपल्या बाभळीचेच भावकीतले. पावसाळ्यात ते पाने गाळते आणि उन्हाळ्यात हिरवे होते. त्यामुळे पिकावर सावली पडत नाही, गळलेल्या पानांचे खत होते आणि शेंगा उन्हाळ्यात जनावरांना मिळतात. सावलीने पीक बसते म्हणून आपल्याकडे बांधावरच्या बाभळीवर कुऱ्हाड पडते. गाओबद्दल ती तक्रार करायलाच जागा नाही.

मग ही झाडे गेली कुठे? दुष्काळ आणि वाढती लोकसंख्या ही कारणे आहेतच. पण एक कारण कागदावरचे होते. फ्रेंच राजवटीने 1935 च्या वनकायद्याने झाडांवर सरकारी हक्क सांगितला. शेत शेतकरी कसणार, पण त्यातले झाड सरकारचे! फांदी तोडली तरी दंडाची भीती. 1960 मध्ये देश स्वतंत्र झाला, तरी ही रीत चालूच राहिली. जे आपले नाही आणि उद्या अंगाशी येऊ शकते, ते कोण वाढवील? पेरणीआधी खोडातून फुटलेले धुमारे छाटून शेत साफ करणे हीच 'चांगली शेती' ठरली.

टोनी रिनौडो नावाचा ऑस्ट्रेलियन माणूस तिथे रोपे लावत होता आणि ती मरत होती. 1983 मध्ये त्याच्या लक्षात आले की शेतातली ती खुरटी झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत. मुळे जमिनीत जिवंतच होती. काम सोपे निघाले: एका खोडाचे चारपाच जोमदार धुमारे ठेवायचे, बाकीचे छाटायचे. ना रोपवाटिका, ना पाणी. वाऱ्याने कोवळी पिके वाळूत गाडली जाणे कमी झाले, सरपण आणि चारा शेतातच मिळू लागला. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून वनखात्याची पकडही सैल होत गेली. झाड आपले आहे असे वाटू लागताच शेतकऱ्यांनी ते राखले. पुढे उपग्रहचित्रे आणि जुनी हवाई छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडे परतल्याचा अंदाज निघाला. शेतकऱ्याच्या हक्काला सरकारी हुकमाचा आधार मिळायला मात्र 2020 उजाडले.

इथे मला फिक्हमधला एक जुना मसला आठवतो. मृत जमीन जो जिवंत करील, ती त्याची, हे तत्त्व हदीसमधून आले आहे. इमाम अबू हनीफांनी त्याला शासकाच्या परवानगीची अट घातली. त्यांचेच शागिर्द अबू युसूफ आणि मुहम्मद यांनी ती आवश्यक मानली नाही. मदरशातली ही जुनी बहस मला मारादीच्या शेतात उभी दिसते.

शेजारच्या बुर्किना फासोत तर तिचा कडू शेवटही दिसतो. याकूबा सावादोगो लहानपणी कुरआनच्या मदरशात शिकलेले. त्यांनी कडक पडलेल्या जमिनीत खड्डे खणले, शेणखत भरले, पीक घेतले आणि झाडे राखून जंगल उभे केले. 2018 मध्ये रिनौडोंबरोबर त्यांनाही 'राइट लाइव्हलीहुड' पुरस्कार मिळाला. पण जवळचे शहर वाढत आले, आणि कायद्याने जमीन सरकारची असल्यामुळे त्या जंगलातही प्लॉट पडले. 2023 मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले.

झाड लावणे हा सदका-ए-जारिया आहे, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि जूनमध्ये रोपासोबत फोटो काढतो. मारादीच्या शेतकऱ्याने रोप लावलेच नाही. जे आधीच उगवत होते, त्यावरची कुऱ्हाड फक्त थांबवली. आमच्या बांधावरच्या तोडलेल्या बाभळीलाही दर पावसाळ्यात धुमारे फुटतात. यंदा मी भावाला फोन करून सांगितले आहे, त्यातले दोन राहू दे.